अन्नपूर्णा : एक शिखर, तीन जोड पावले

३ जून १९५० रोजी दुपारी दोनच्या सुमारास मोरीस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक नेपाळमधील अन्नपूर्णा या ८,०९१ मीटर उंचीच्या शिखरावर उभे होते. आठ हजार मीटरहून उंच अशा चौदा शिखरांपैकी माणसाचे पाऊल लागलेले हे पहिले शिखर. हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोहोचायला अजून तीन वर्षे होती. या चढाईवर एर्झोगने लिहिलेले पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या जगभर खपलेल्या प्रतींचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला जातो. गिर्यारोहणावरच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला एवढा वाचक लाभल्याचे माझ्या वाचनात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते शिखर नसून त्या शिखराविषयी झालेले लेखन हा आहे. या एकाच मोहिमेतल्या तीन माणसांच्या नावावर तीन पुस्तके आहेत. पहिले एर्झोगचे. दुसरे मोहिमेचा सरदार आंग थार्के याचे आत्मकथन, जे १९५४ साली फ्रेंचमध्ये आले. तिसरे लाशनालची टिपणे, जी १९५६ साली काटछाट होऊन आणि १९९६ साली पूर्ण स्वरूपात छापली गेली. ‘पर्वताचे रौद्र सौंदर्य’ असे आपण सहज म्हणतो. सौंदर्य आणि धोका या दोन गोष्टी त्या शब्दांत इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, एक आली की दुसरी आलीच असे वाटते. ही तीन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की ती जोडणी सुटते. सौंदर्य कोणाला दिसले आणि धोका कोणी ओळखला, हे दोन वेगळे प्रश्न होतात. त्यांची उत्तरेही वेगळी निघतात.

मी विद्यापीठीय अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीसेक वर्षे हे वाङ्मय जमवत आणि वाचत आलो आहे. एर्झोग इंग्रजी अनुवादातून वाचला. लाशनालच्या पूर्ण टिपणांसाठी फ्रेंच व्याकरणाचे पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसावे लागले. म्हणून फ्रेंच शैलीच्या सौष्ठवाबद्दल मी बोलणार नाही. कोण काय सांगतो, काय वगळतो आणि कोणत्या क्रमाने सांगतो, एवढेच पाहणार आहे.

भय, उदात्त आणि कालिदासाचा हिमालय

पर्वताच्या भीषणतेत सौंदर्य पाहण्याची युरोपीय दृष्टी तशी अलीकडची आहे. एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताची मीमांसा केली. भीती ठरावीक अंतरावरून अनुभवली तर तिच्यातून एक प्रकारचा आनंद मिळतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कांटने १७९० साली तीच अट आणखी स्पष्ट केली. कडे, वादळे, ज्वालामुखी यांचे दर्शन उदात्त वाटायचे तर पाहणारा स्वतः सुरक्षित जागी हवा. दोघांनीही धोका आणि पाहणारा यांच्यामध्ये एक कुंपण घातले. गिर्यारोहक त्या कुंपणापलीकडे जातो. तो पाहणाराही असतो आणि धोक्यात सापडलेलाही तोच असतो. अशा माणसाने लिहिलेल्या उदात्ताचे काय करायचे, याचे उत्तर बर्ककडे नाही आणि कांटकडेही नाही.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाटेने जाते. ‘कुमारसंभव’ हे काव्य हिमालयाच्या वर्णनाने सुरू होते. तो हिमालय रत्नांचा, औषधींचा, भूर्जपत्रांचा आणि चमरी गायींचा आहे. तिथे बर्फ हे सौंदर्याचे कारण नाही, तो एक दोष आहे. इतक्या गुणांच्या गर्दीत हा एक दोष खपून जातो, जसा चंद्रावरचा डाग खपून जातो, असे कवी सांगतो. आणखी एक श्लोक मला या लेखाच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. गोठून दगडासारख्या झालेल्या बर्फाच्या वाटेवर किन्नरस्त्रियांच्या पायांची बोटे आणि टाचा दुखावतात, तरीही त्या आपली मंद चाल सोडत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. गारठा थेट पायाच्या बोटांना भिडल्याचा हा उल्लेख. पण पुढच्याच क्षणी त्या चालीच्या डौलाकडे लक्ष वळते आणि वेदना शृंगारात विरून जाते.

महाभारतातील महाप्रस्थानिक पर्व हे याचे दुसरे टोक आहे. तिथे हिमालय म्हणजे एकेक माणूस पडत जाण्याची वाट. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम या क्रमाने सगळे पडतात. प्रत्येक पडण्याचे कारण युधिष्ठिर सांगतो, पण मागे वळून पाहत नाही. शेवटी मात्र सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तो नकार देतो. पुढे जाणारा आणि पडणारा यांच्यातले नाते काय, हा प्रश्न त्या पर्वाने फार पूर्वी विचारून ठेवला आहे. अन्नपूर्णेवरच्या पुस्तकांतही नेमका हाच प्रश्न आहे.

शाळिग्रामाच्या नदीकाठी

मोहिमेचा वृत्तांत थोडक्यात असा. नेपाळने परदेशी गिर्यारोहकांना दार नुकतेच किलकिले केले होते आणि फ्रेंचांना परवानगी मिळाली. धौलागिरी किंवा अन्नपूर्णा, यांपैकी जे जमेल ते शिखर करायचे होते. तळ पडला कालीगंडकीच्या काठी, तुकुचे गावात. याच नदीच्या पात्रात सापडणारे शाळिग्राम महाराष्ट्रातल्या अनेक देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहेत. ते मुळात एका प्राचीन समुद्रातल्या शंखधारी प्राण्यांचे अश्म आहेत. ज्या समुद्राच्या तळाचा गाळ वर उचलला जाऊन हा पर्वत झाला, त्या समुद्राची खूण आपल्या ताम्हनात असते.

एर्झोगच्या पुस्तकाचा बराच मोठा भाग शिखर शोधण्यात जातो. हातातले नकाशे चुकीचे होते. धौलागिरीला (८,१६७ मीटर) वाट मिळेना. अन्नपूर्णा कुठे आहे आणि तिच्या पायथ्याशी जायचे कोणीकडून, हे कळायला मे महिना अर्ध्यावर आला. मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होता. म्हणजे चढाईला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले होते. पुढे घडलेल्या प्रत्येक गोष्टीवर या घाईचा ठसा आहे.

हा पर्वत धोकादायक का, याची कारणे साधी आहेत. बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्प या पर्वतरांगेला धडकते. दक्षिणेला पोखऱ्याजवळच्या लुमले गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर रांगेच्या पलीकडे जोमसोमला तीनशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही. तेच बाष्प वर बर्फ होऊन उतारांवर साठते आणि कोसळते. पहिल्या चढाईनंतरच्या सहा दशकांत अन्नपूर्णेच्या शिखरावर पोहोचलेल्यांची संख्या दोनशेच्या आत होती आणि तिथे प्राण गमावलेल्यांची साठच्या आसपास. अलीकडे हे प्रमाण खाली आले आहे, तरी तिची ख्याती बदललेली नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष इथवर पोहोचले आणि अन्नपूर्णा-धौलागिरी भागातल्या हिमवादळात व हिमप्रपातांत किमान ४३ माणसे गेली. त्यांतले बहुतेक शिखरे चढणारे नव्हते. त्यांत पदयात्री होते, वाटाडे होते आणि याक राखणारेही होते.

पहिली पावले : एर्झोग

आता मूळ प्रसंगाकडे येतो. २ जून रोजी एर्झोग, लाशनाल, आंग थार्के आणि सार्की हे चौघे शेवटच्या, म्हणजे पाचव्या छावणीपर्यंत पोहोचले. एर्झोगने दोघा शेर्पांना शिखरावर सोबत येण्याचे आमंत्रण दिले. आंग थार्केने आभार मानले आणि आपले पाय गारठू लागले आहेत, आपण खाली जाणे पसंत करू, असे सांगितले. दोघे शेर्पा उतरून गेले. या नकाराची एर्झोगला गंमतही वाटली आणि नवलही.

दुसऱ्या दिवशी वर जाताना लाशनालनेही पायांची तक्रार केली. बुटात बोटांची जाणीव जात होती. तो थांबून पाय चोळत होता. मी परत फिरलो तर तू काय करशील, असे त्याने विचारले. आपण एकटे पुढे जाऊ, असे एर्झोग म्हणाला. मग मीही येतो, असे म्हणून लाशनाल निघाला. एर्झोगच्या पुस्तकात यापुढची पाने सर्वांत प्रसिद्ध आहेत. भोवतालचे जग पारदर्शक, स्फटिकासारखे होते. त्याला स्वतःकडे बाहेरून पाहत असल्यासारखे वाटते. भीती नाहीशी होते. आवीलाच्या संत तेरेसाची शिडी त्याला आठवते. शिखरावर तो आनंदाने भारावून उभा आहे. लाशनाल मात्र लवकर खाली चल म्हणून घाई करतो आहे, आणि ही घाई त्या पानांवर काहीशी रसभंग करणारी वाटते.

उतरताना थोड्याच वेळात एर्झोगने पिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते. ते हातांवर चढवता आले असते, पण सुचले नाही. हे तो स्वतःच सांगतो. पुढे खालच्या छावणीतले लिओनेल तेरे आणि गास्तों रेब्युफा मदतीला आले. चौघे वादळात वाट चुकले. एका हिमभेगेत रात्र काढली. सकाळी आत कोसळलेल्या बर्फाखाली बूट गाडले गेले. तेरे आणि रेब्युफा हिमांध झाले होते. मग हिमप्रपात, आणि दोन शेर्पांच्या दोराला लटकून वाचलेला एर्झोगचा जीव. मोहिमेचे डॉक्टर झाक ऊदो यांनी परतीच्या वाटेवर बोटे कापायला सुरुवात केली, ती भारतातल्या आगगाडीच्या डब्यापर्यंत चालली. एर्झोगच्या पायांची सगळी आणि हातांची बहुतेक बोटे गेली. लाशनालच्या पायांची सगळी गेली.

आठ हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. या मोहिमेत कृत्रिम प्राणवायू वापरला नव्हता. इतक्या विरळ हवेत मेंदूला प्राणवायू कमी पडला की विचार मंदावतो आणि कधीकधी निष्कारण आनंद दाटून येतो. शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आवळून घेते. म्हणजे स्फटिकासारखे जग आणि बधिर बोटे या एकाच अवस्थेच्या दोन खुणा आहेत. एवढ्यावरून काही टीकाकार एर्झोगचे दर्शन आजारी मेंदूचा भास म्हणून निकालात काढतात. मला ते पटत नाही. अनुभवाचे शारीरिक कारण सापडले म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. शिवाय, एर्झोग पुढच्या यातना लपवत नाही. जखमांचा सडा वास, त्यांत पडलेल्या अळ्या, धमन्यांत दिलेली इंजेक्शने, स्वतःचे किंचाळणे हे सर्व त्याने सांगितले आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध गुळगुळीत नाही, आणि म्हणूनच ते आजही वाचवते.

माझा आक्षेप रचनेवर आहे. हे पुस्तक एर्झोगने पॅरिसजवळच्या रुग्णालयात तोंडी सांगून लिहून घेतले, कारण लेखणी धरायला बोटे उरली नव्हती. त्या अवस्थेतल्या माणसाला आपल्या यातनेला अर्थ द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. तो अर्थ तो देतो. शिखर, यातना आणि नवे आयुष्य असा चढता आलेख तयार होतो. त्याची बोटे त्या आलेखात बसतात. लाशनालच्या बोटांना मात्र त्यात जागा नाही. तीच यातना दुसऱ्याच्या शरीरात आली की कुरकुर ठरते.

दुसरी पावले : लाशनाल

लाशनाल शामोनीचा व्यावसायिक वाटाड्या होता. १९४७ साली तेरेबरोबर त्याने आयगरच्या उत्तर भिंतीची दुसरी चढाई केली होती. त्या काळातल्या सर्वांत चपळ आरोहकांत त्याची गणना होत असे. पाय हे त्याचे पोट होते. पायांची बोटे जाणे म्हणजे काय, हे त्या उतारावर त्याच्याइतके स्पष्ट कोणाला दिसले नसेल. एर्झोग हौशी आरोहक होता. त्याचे पोट वाटाडेपणावर नव्हते. पुढे द गॉलच्या राजवटीत त्याने युवक-क्रीडा खाते सांभाळले आणि तो शामोनीचा महापौरही झाला. बोटांशिवायही त्याच्यापुढे एक आयुष्य होते, आणि ते मोठे होते.

मोहिमेवर निघण्यापूर्वी सर्व सदस्यांना नेत्याच्या आज्ञापालनाची शपथ घ्यावी लागली होती. पाच वर्षे कोणी स्वतंत्रपणे काही प्रसिद्ध करणार नाही, असा करारही होता. १९५१ ते १९५५ या काळात अन्नपूर्णेचा मुख्यतः एकच आवाज जगापुढे होता. ऑगस्ट १९५०मध्ये ‘पारी मॅच’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेले, बर्फकुऱ्हाडीला तिरंगी ध्वज लावलेल्या एर्झोगचे छायाचित्र फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचले. ते छायाचित्र लाशनालने काढले होते. नुकत्याच पराभवातून आणि जर्मन ताब्यातून बाहेर आलेल्या देशाला अशा प्रतिमेची गरज होती, हेही खरे.

पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा लाशनाल आपली टिपणे आणि त्यांवरचे भाष्य प्रसिद्ध करण्याच्या तयारीत होता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी व्हाले ब्लांश या हिमनदीवर स्कीइंग करताना तो हिमभेगेत पडून मरण पावला. पुढच्या वर्षी पुस्तक आले. नावाचा अर्थ ‘भोवळीच्या वह्या’ असा. संपादक होता जेरार एर्झोग, मोरीसचा भाऊ. अन्नपूर्णेचा अवघड भाग त्यातून गाळला गेला. पूर्ण मजकूर मिशेल गेरँ या प्रकाशकाने १९९६ साली छापला, म्हणजे चढाईनंतर ४६ वर्षांनी. त्यानंतर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. अमेरिकन लेखक डेव्हिड रॉबर्ट्‌स यांनी २०००मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९९८ साली एर्झोगने दुसरे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याची मुलगी फेलिसिते हिने २०१२मध्ये वडिलांच्या प्रतिमेची चिरफाड करणारी कादंबरी लिहिली आणि त्याच वर्षी एर्झोग वारला.

या वादात शिखर खरोखर गाठले की नाही अशीही शंका काहींनी घेतली. लाशनालची टिपणे शिखर गाठल्याचेच सांगतात. त्यांचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. आपण पुढे का गेलो, याचे कारण लाशनाल सांगतो. देशाच्या प्रतिष्ठेसाठी पाय गमावायची त्याची तयारी नव्हती. स्वतःपुरता निर्णय असता तर तो परत फिरला असता. पण एर्झोग एकटा पुढे गेला तर परत येणार नाही, असे त्याला दिसत होते. म्हणून तो गेला. त्याच्या लेखी तो राष्ट्राचा प्रश्न नव्हता, दोराला बांधलेल्या दोन माणसांचा होता.

आता एर्झोगच्या पानांवरचा तो छोटासा संवाद पुन्हा वाचावा. एर्झोगच्या कथनात तो वाचताना दोन उत्साही मित्रांची एकजूट वाटते. लाशनालचे कारण कळल्यावर तोच संवाद एका माणसाने दुसऱ्याचा जीव राखण्यासाठी केलेल्या सौद्यासारखा वाचावा लागतो. लाशनालला पर्वताच्या सौंदर्याची जाण नव्हती असे मुळीच नाही. ज्याने आयुष्य आल्प्समध्ये काढले त्याला ती शिकवावी लागत नाही. पण त्या दिवशी त्याला पाहायला सवड नव्हती, कारण पाहण्याचे काम एर्झोगने घेतले होते आणि राखण्याचे त्याच्या वाट्याला आले होते. युधिष्ठिराची आठवण मला इथे होते, पण उलट अंगाने. लाशनालने सोबत्याला सोडले नाही आणि त्याला स्वर्ग काही मिळाला नाही.

तिसरी पावले : आंग थार्के

आंग थार्के खुंबू भागातला. तरुणपणी कामाच्या शोधात तो दार्जिलिंगला आला. १९३३च्या एव्हरेस्ट मोहिमेपासून त्याचे नाव दिसू लागते. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन यांनी ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अंतर्भागात वाट काढली, तेव्हा सोबतच्या तीन शेर्पांत तो होता. १९५० साली फ्रेंच चमूपैकी कोणाहीपेक्षा हिमालयाचा अनुभव त्याच्यापाशी कितीतरी अधिक होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने आपली कहाणी बेसिल नॉर्टन यांना सांगितली आणि १९५४ साली ती फ्रेंचमध्ये आली. इंग्रजी वाचकांच्या हाती ती २०१६ साली पडली, तीही फ्रेंचवरून अनुवादित होऊन. सांगणारा, लिहून घेणारा आणि अनुवादक अशा थरांतून आलेला हा आवाज आहे. साहेबांविषयीचा त्यातला आदराचा सूर कितपत त्याचा आणि कितपत ऐकणाऱ्याच्या सोयीचा, हे ठरवणे अवघड आहे. तरी एक गोष्ट या पुस्तकाने बदलते. शेर्पा म्हणजे साहेबांच्या कथेत मधूनच येणारा हसतमुख माणूस, ही ओळख मोडते. गाव सोडलेला, कुटुंब असलेला, मोहिमांवर पोट भरणारा एक माणूस समोर येतो.

या माणसाच्या बाजूने २ जूनची संध्याकाळ पाहू. पाय गारठू लागले हे त्याला कळले. शिखर त्याच्यापुढे आमंत्रण म्हणून ठेवलेले होते, मानही मोठा होता. त्याने नकार दिला आणि आपल्या पायांवर चालत खाली आला. पुढच्या आठवड्यांत त्याने आणि इतर शेर्पांनी, हमालांनी मिळून जखमी साहेबांना पाठुंगळी घेऊन आणि डोल्यांतून, मान्सूनच्या पावसात, घसरड्या वाटांवरून खाली आणले. तो नकार आला नसता तर ही वाहतूक कोणी केली असती, हा प्रश्न एर्झोगच्या पुस्तकात कुठेच उमटत नाही.

थंडीने दिलेला इशारा तिघांनाही सारखाच मिळाला होता. आंग थार्केने तो ऐकला आणि परत फिरला. लाशनालने ऐकला आणि तरी गेला. एर्झोगला तो ऐकू आला, पण त्या क्षणी त्याची मातब्बरी वाटली नाही. जगाने यांपैकी तिसऱ्याचे पुस्तक डोक्यावर घेतले. त्याचे कारण मला असे दिसते की, वाचक स्वतः बर्क आणि कांट यांच्या कुंपणाच्या अलीकडे, सुरक्षित खुर्चीत बसलेला असतो. त्याला पलीकडून आलेला, भान हरपलेला निरोप हवा असतो. परत फिरलेल्याचा निरोप त्याला निरोपच वाटत नाही.

नंतरची पुस्तके

याच पर्वताच्या परिसरात याहून वेगळे लिहिता येते, याचे दाखले आहेत. क्रिस बॉनिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली १९७० साली अन्नपूर्णेची दक्षिण भिंत चढली गेली. परतीच्या आवराआवरीत इयन क्लफ हा आरोहक हिमकडा कोसळून गेला. बॉनिंग्टन यांच्या पुस्तकात कोणी किती वजन कोणत्या छावणीला नेले, कोण कोणावर रागावले, याचा हिशेब आहे. दर्शनाची भाषा कमी आणि कामाची अधिक आहे. १९७८ साली आर्लीन ब्लम यांनी स्त्रियांची मोहीम नेली. आयरीन मिलर आणि व्हेरा कोमार्कोव्हा या दोघी दोन शेर्पांसह शिखरावर पोहोचल्या. दुसऱ्या तुकडीतल्या दोघी वर जाताना मरण पावल्या. ब्लम यांचे पुस्तक नेत्याच्या शंकांनी भरलेले आहे. ते वाचताना विजय आणि हानी यांची बेरीज जमत नाही आणि लेखिका ती जमवण्याचा आग्रहही धरत नाही.

तिसरा दाखला शेजारच्या माछापुच्छ्रेचा. १९५७ साली विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे या ६,९९३ मीटरच्या शिखराच्या सुमारे पन्नास मीटर खालून परतले. तिथल्या गुरुंग लोकांना हा पर्वत पवित्र आहे. पुढे नेपाळ सरकारने तो चढाईसाठी बंदच ठेवला. नॉइसचे पुस्तक एका न चढलेल्या शिखराचे पुस्तक आहे आणि त्यात सौंदर्य तसूभरही कमी नाही. सौंदर्यासाठी बोटे द्यावीच लागतात, हा समज त्यातून सहज ढासळतो.

आपल्या भाषेपुरते

हे सगळे मराठीत का मांडायचे, तर मराठीतही हिमालयीन मोहिमांचे लेखन आता भरपूर होते आहे. एप्रिल २०२१मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचा संघ अन्नपूर्णेवर पोहोचला. साताऱ्याची प्रियांका मोहितेही त्याच मोसमात हे शिखर चढली. आपले गिर्यारोहण गडकोटांच्या भटकंतीतून वाढलेले आहे, त्यामुळे गड ‘सर’ करण्याचे क्रियापद आपण शिखरालाही लावतो. लढाईची भाषा आली की सेनापती येतो, ध्वज येतो, आणि रसद वाहणारा शेवटच्या ओळीत जातो. ‘शेर्पा’ हे एका समाजाचे नाव, पण आपल्या वृत्तांतांत ते अनेकदा हुद्द्यासारखे वापरले जाते आणि माणसाचे स्वतःचे नाव राहून जाते. १९५१च्या त्या फ्रेंच पुस्तकाचा साचा इतका दूरवर पोहोचला आहे.

आपल्याकडे दुसरा साचाही आहे. मराठी लग्नात वधू गौरीहरापाशी बसून अन्नपूर्णेची पूजा करते आणि ती पितळी मूर्ती बरोबर घेऊन सासरी जाते. तांदळावर बसवलेली, हाती पळी घेतलेली ही देवता वाढणारी आहे. पर्वताला हे नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तिचे पाणी होते. कालीगंडकी, मोदी आणि मर्स्यांगदी या नद्यांवर खालची खोरी पिकतात. त्या नावात भीती नाही असे नाही. जी वाढते ती आखडूनही घेऊ शकते, हे खोऱ्यातल्या माणसाला ठाऊक असते. पण तिथे सौंदर्य, उपकार आणि धोका यांचे वाटेकरी एकच असतात. जो तिचे पाणी पितो तोच तिच्या दरडीखाली येतो.

एर्झोगचे पुस्तक वाचू नये असे मी म्हणणार नाही. ते वाचावेच, आणि शिखरावरची ती पाने सावकाश वाचावीत. फक्त त्याआधीची २ जूनची दोन-तीन पानेही तितक्याच सावकाश वाचावीत, जिथे एक अनुभवी माणूस आभार मानून खाली जातो. मग लाशनालची १९९६ची आवृत्ती आणि आंग थार्केचे कथन शेजारी ठेवावे. या तिन्हींचा मराठी अनुवाद एका खंडात कोणी केला तर आपल्या गिर्यारोहण वाङ्मयावर मोठे उपकार होतील. तोवर पुढच्या मोहिमेचा वृत्तांत हाती आला की एवढे तपासावे : पाय गारठल्याचे पहिल्यांदा कोण म्हणाले, त्याचे नाव छापले आहे का, आणि परत फिरलेल्याला पुस्तकात किती पाने मिळाली.